कमानींना नमस्कार पुरे!

रोमला जाऊन आलेल्या मनुष्याजवळ दोन गोष्टी हटकून असतात. एक, पाय दुखत असल्याची तक्रार. आणि दुसरी, उंच दगडी कमानींच्या रांगेपुढे उभे राहून काढलेले छायाचित्र. फराळाला आलेल्या पाहुण्यांपुढे ते छायाचित्र ठेवून तो म्हणतो, “दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी डोंगरातले पाणी असे उचलून शहरात आणले! काय ती दृष्टी, आणि काय ती हिंमत!” पाहुणे माना डोलावतात, चिवड्याची बशी पुढे सरकते, आणि रोमन लोकांच्या पाण्याचा विषय तेथेच संपतो.

तो तेथे संपू नये म्हणून हा लेख. कमानींशी माझे वैर नाही. त्या देखण्या आहेत आणि ज्या हातांनी त्या उभारल्या त्या हातांना नमस्कार केलाच पाहिजे. परंतु जेथे एका नमस्काराने भागले असते तेथे आपण पिढ्यान्‌पिढ्या दंडवत घालीत आलो आहोत, आणि जमिनीला नाक लावूनही जमिनीखाली काय आहे ते आपल्याला दिसलेले नाही. लग्नाच्या पंगतीवरून एखाद्या घरच्या रोजच्या स्वयंपाकाची परीक्षा करावी, तशी आपण कमानींवरून रोमच्या पाण्याची परीक्षा करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, छपरावर पडलेले पाणी घराखालच्या टाक्यात साठवून ठेवण्याची जी साधी विद्या रोमन लोकांजवळ होती, ती त्यांची अधिक मोलाची विद्या होती. दूरच्या पाण्याच्या ऐटीत राजधानी ती विसरली, आणि या विसराळूपणाची किंमत एके दिवशी राजधानीला रोख मोजावी लागली.

आधी कमानींचाच हिशेब करू. रोमची पहिली जलवाहिनी आप्पियस क्लॉडियसने इ. स. पूर्व ३१२ मध्ये आणली. तिची लांबी सोळा किलोमीटरांहून थोडी अधिक. आणि तिच्यापैकी जमिनीवर होती ती जेमतेम नव्वद मीटर. बाकी सारी भुयारातून! पुढे इ. स. पूर्व १४४ मध्ये मार्सिया नावाची मोठी जलवाहिनी हाती घेण्यात आली. ती ९१ किलोमीटर लांब. त्यांतली सुमारे ८० किलोमीटर जमिनीच्या पोटात. म्हणजे ज्या कमानींची आपण छायाचित्रे काढतो, ती या कामाची केवळ वरची झालर. आणि ती झालर टिकाऊ तरी होती काय? इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी म्हणून फ्रॉन्टिनस नावाचा एक काटेकोर गृहस्थ नेमला गेला. आपल्या खात्याविषयी त्याने लिहिलेले पुस्तक आजही उपलब्ध आहे. तो स्वच्छ सांगतो की, सर्वांत अधिक मोडतोड होते ती कमानींवरून जाणाऱ्या भागाची, त्यातही नदी ओलांडणाऱ्या कमानींची; जमिनीखालच्या भागाला ना ऊन लागते ना थंडी, म्हणून तो फारसा बिघडत नाही. कमानींच्या भक्तांनी निदान कमानींच्या कारभाऱ्याचे तरी ऐकावे!

आता त्याहूनही मागे जाऊ. शहराची स्थापना झाल्यापासून ही पहिली जलवाहिनी येईपर्यंत, परंपरागत गणतीने, ४४१ वर्षे लोटली. एवढ्या काळात रोमने इटलीचा मोठा भाग जिंकला, कायदे लिहिले, राजे हाकलले आणि प्रजासत्ताक उभे केले. आणि हे सारे टायबर नदीचे, विहिरींचे, झऱ्यांचे व पावसाचे पाणी पिऊन केले. रोम मोठे झाले म्हणून कमानी आल्या; कमानी आल्या म्हणून रोम मोठे झालेले नाही. हा क्रम आपण उलटा घोकतो.

त्या जुन्या काळातले इटलीचे घर कसे होते ते पाहू. आपल्या वाड्यातला चौक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अर्धे चित्र तयार झाले. घराच्या मध्यभागी दिवाणखान्यासारखी एक प्रशस्त जागा. तिला ते आट्रियम म्हणत. तिच्यावरचे कौलारू छप्पर चारही बाजूंनी आत उतरते आणि मधोमध आकाश मोकळे सोडलेले असते. पाऊस आला की चारही उतारांवरचे पाणी त्या मोकळ्या भागातून खाली येते. वळचणीच्या कडेला भाजक्या मातीची सिंहाची नाही तर कुत्र्याची मुखे बसविलेली असतात. पागोळ्या त्यांच्या तोंडातून गळतात. खाली त्याच मापाचे एक उथळ, फरसबंद कुंड असते. त्याला इम्प्लुव्हियम हे नाव. या कुंडाला दोन वाटा असतात. एक रस्त्याकडे जाते, दुसरी जमिनीखालच्या टाक्यात उतरते. पहिल्या पावसाचे धुळीने आणि पालापाचोळ्याने भरलेले पाणी रस्त्यावर सोडून द्यावे. छप्पर धुऊन निघाले की टाक्याची वाट मोकळी करावी. कुंडाजवळ टाक्याचे तोंड असते आणि त्यावर दगडी कठडा. पाँपेई शहरात असे कठडे आजही पाहावयास मिळतात. त्यांच्या कडांना दोरांनी पाडलेल्या खोल खाचा आहेत. ज्याने लहानपणी आडाच्या काठावर तशा खाचा पाहिल्या असतील, त्याला त्या घरातल्या बाईचे हात दिसल्यावाचून राहणार नाहीत.

हे टाके म्हणजे नुसता खड्डा नव्हे. ऑगस्टसच्या काळातल्या व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने त्याची कृती पाककृतीइतकी बारकाईने दिली आहे. वाळू स्वच्छ आणि खरखरीत हवी. गारेचे तुकडे फोडून घ्यावेत, त्यांतला एकही एका रोमन पौंडाहून जड नसावा. चुना कडक असावा. पाच भाग वाळूला दोन भाग चुना. हे मिश्रण चरात भरून लोखंडी टोकाच्या लाकडी धुमसांनी ठोकून ठोकून बसवावे. टाक्याचे दोन-तीन कप्पे करावेत, म्हणजे पाणी एकातून दुसऱ्यात जाताना गाळ मागे राहतो आणि पाणी निवळते. घरोघरच्या टाक्यांना आतून चुन्यात कुटलेली कौले व खापऱ्या कालवून केलेला गिलावा असे. आपल्या जुन्या गवंड्यांना हा प्रकार सुरखी म्हणून चांगला माहीत होता. असा गिलावा पाणी धरून ठेवतो. कित्येक ठिकाणी तो दोन हजार वर्षांनंतरही भिंतीला घट्ट बसलेला आहे.

कोणी विचारील, छपरावरच्या पाण्याने असे काय भागणार? साधे गणित करा. छप्पर शंभर चौरस मीटर धरले आणि वर्षात एक मीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी होते. त्यातले पाव वाया गेले असे म्हटले तरी पाऊण लाख उरते. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला दोनशे लिटर. एवढ्यात स्नानगृहांचे चोचले भागत नाहीत हे खरे. परंतु पिणे, रांधणे आणि भांडी घासणे भागते. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तेथे पाणी मिळण्याइतकाच ते राखून ठेवण्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न कमान सोडवीत नाही, टाके सोडविते.

ही गोष्ट एका शहरापुरती नव्हती. इ. स. पूर्व २७३ मध्ये रोमन लोकांनी एत्रुरियाच्या किनाऱ्यावर एका टेकडीवर कोसा नावाची वसाहत केली. त्या टेकडीवर झरा नव्हता. वसाहतवाल्यांनी चौकाचौकांतून आणि घराघरांतून टाकी बांधली, आणि संसार थाटले. समुद्रापलीकडे, रोमची वैरीण जी कार्थेज नगरी, तिच्या घरांखालीही अशीच टाकी होती; बिर्सा टेकडीवरच्या उत्खननात ती उघडी पडली आहेत. रोमन लोकांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये कार्थेज जाळले. पुढे त्याच जागी त्यांनी आपले शहर वसविले आणि दूरच्या झाग्वान डोंगरातून पाणी आणले. ते पाणी कोठे साठविले? पंधरा लांबलचक कमानदार टाक्यांत! ला मालगा येथे त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे जलवाहिनी आली तरी शहाण्या शहराने टाके सोडले नाही.

राजधानीने मात्र नेमके तेच केले. एकामागून एक जलवाहिन्या आल्या. फ्रॉन्टिनसच्या वेळी त्या नऊ होत्या, इ. स. २२६ पर्यंत अकरा झाल्या. ऑगस्टसचा जावई अ‍ॅग्रिपा याने तर पाण्याचा नुसता सुकाळ करून टाकला. सुएटोनियस एक मजेदार हकीगत सांगतो. दारू महाग झाली म्हणून लोकांनी सम्राटाकडे ओरड केली. तेव्हा ऑगस्टसने त्यांना सुनावले की, माझ्या जावयाने एवढ्या जलवाहिन्या आणल्या आहेत. कोणाला तहानलेले राहण्याचे कारण नाही! सासऱ्याने जावयाचे असे कौतुक करावे ही घरगुती गोष्ट म्हणून गोड आहे. परंतु तिच्यातच पुढच्या दुखण्याचे बीजही आहे. तहान भागविणे हे आता ज्याच्या-त्याच्या घराचे काम राहिले नाही. ते सम्राटाच्या जावयाचे काम झाले.

पाँपेईत हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. नळाचे पाणी आल्यावर मातबरांनी आपल्या आट्रियममधल्या कुंडांत कारंजी बसविली. जे कुंड पाऊस झेलण्यासाठी बांधलेले होते ते पाहुण्यांना दाखविण्याची शोभेची वस्तू झाले. छप्पर तेच, उतार तेच, पाऊस तोच. पण घरधन्याचे लक्ष आता आकाशाकडे नसून शिशाच्या नळाकडे लागलेले. पुढे इ. स. ६२ च्या भूकंपाने शहराची पाणीव्यवस्था विस्कळीत केली. तेव्हा जुने टाके ज्यांनी बुजविले नव्हते, त्यांना आपल्या आळसाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले असतील.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टाक्याच्या पाण्याविषयी प्लिनीचे मत वाईट होते. असे पाणी पोटाला आणि घशाला बरे नव्हे असे वैद्यही कबूल करतात, त्यात शेवाळ आणि किडे होतात, असे तो लिहितो. व्हिट्रुव्हियस उलट पावसाच्या पाण्याची तारीफ करतो. दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. न उपसलेले, न घासलेले टाके घाण होणारच. परंतु घाण होते म्हणून भांडे फेकून देण्याची रीत कोणत्याच संसारी घरात नाही. भांडे घासावयाचे असते. शिवाय ज्या नळांनी टाक्याची गादी बळकावली, ते नळ शिशाचे होते; आणि शिशाचा नळ आरोग्याला वाईट, मातीचा बरा, असे सांगणाराही हाच व्हिट्रुव्हियस.

आता फ्रॉन्टिनसकडे परत येऊ, कारण कमानींच्या भक्तिपंथाचा आद्य पुरुष तोच आहे. आपल्या जलवाहिन्यांचे वर्णन करता करता त्याला भरते येते, आणि तो इजिप्तच्या पिरॅमिडांना निरुपयोगी म्हणतो, ग्रीकांच्या नामांकित वास्तूंनाही कुचकामी ठरवितो. आमची कामे पाहा, ती लोकांच्या उपयोगाची आहेत, असा त्याचा रोख. गेली कित्येक शतके हे वाक्य सर्वांनी मान तुकवून ऐकले. पण त्याच पुस्तकात, थोड्या पानांवर, त्याच फ्रॉन्टिनसने एक हिशेब दिला आहे. तो कारकुनी प्रामाणिकपणाने दिला आहे, म्हणून त्याची किंमत त्या गर्वोक्तीहून मोठी.

पाणी मोजण्याचे त्याचे एकक क्विनारिया. सगळ्या जलवाहिन्यांतून वाटले जाणारे पाणी १४,०१८ क्विनारिया. त्यांपैकी सम्राटाच्या नावावर, शहराबाहेर आणि शहरात मिळून, सुमारे ३,४२५. खासगी लोकांच्या नावावर सुमारे ६,१९२. म्हणजे तीन वाट्यांपैकी दोन वाटे येथेच संपले. उरलेल्या सार्वजनिक वाट्यात लष्कराच्या छावण्या आल्या, सार्वजनिक इमारती आल्या, शोभेची कारंजी आली. आणि ज्या ५९१ हौदांवर सामान्य रोमन बाई घागर घेऊन उभी राहत असे, त्या हौदांना मिळत होते १,३३५ क्विनारिया. दहावा हिस्सासुद्धा नाही! पिरॅमिड एका राजाच्या मढ्यासाठी बांधला म्हणून तो निरुपयोगी; मग ज्या पाण्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एका जिवंत राजाच्या नावावर चढतो, त्याला काय म्हणावे?

आणि हा झाला कागदावरचा वाटा. प्रत्यक्षात चोरांचा वाटा वेगळाच. शेतवाडीचे मालक वाटेतच जलवाहिनीला भोके पाडून बागा शिंपीत. शहरात रस्त्याच्या फरशीखालून चोरनळ्या टाकलेल्या. नळाला भोक पाडून पाणी विकणारे लोक सरकारी नोकरांतच होते. फ्रॉन्टिनसने त्या चोरनळ्या उपटून काढल्या तेव्हा शिशाचा मोठा साठा हाती लागला. जलवाहिन्यांच्या राखणीला ७०० गुलाम नेमलेले होते, परंतु त्यांतले बरेचसे बड्या लोकांच्या खासगी कामाला जुंपले जात. ज्याला घरात नळ हवा त्याने सम्राटाकडे अर्ज करावयाचा. आणि मिळालेला हक्क त्या माणसापुरता. घर विकले किंवा मालक मेला की हक्क संपला, नव्या मालकाने पुन्हा अर्ज करावयाचा. छपरावर पडणाऱ्या पावसाला असा अर्ज करावा लागत नव्हता. बाप मेला म्हणून मुलाच्या टाक्यातले पाणी कोणी तोडीत नव्हते. माझ्या दृष्टीने टाके आणि नळ यांतला खरा फरक हा आहे. नळाचे पाणी कृपेचे. टाक्याचे पाणी हक्काचे.

कृपेच्या पाण्याचे काय होते ते इ. स. ५३७ मध्ये रोमने पाहिले. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस रोममध्ये होता, आणि गॉथ लोकांचा राजा व्हिटिजेस याने शहराला वेढा घातला. गॉथांनी पहिल्या कामांपैकी एक केले ते जलवाहिन्या तोडण्याचे. या युद्धाची हकीगत लिहिणारा प्रोकोपियस त्यांची संख्या चौदा देतो. बेलिसारियसने आतल्या बाजूने त्याच जलवाहिन्यांची तोंडे चिणून घेतली. कारण आदल्याच वर्षी नेपल्स शहर त्याने कसे घेतले होते? कोरड्या जलवाहिनीतून काहीशे शिपाई सरपटत आत पाठवून! जी वाट पाण्याला आत आणते ती शत्रूलाही आणते, हे त्याच्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार?

मग शतकानुशतकांचा थाट एका आठवड्याच्या कामाने उतरला. जानिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्या थांबल्या, पीठ मिळेना. तेव्हा टायबरच्या प्रवाहात नावा बांधून बेलिसारियसने त्यांवर चक्क्या बसविल्या. त्याच्या या हिकमतीला दाद दिली पाहिजे. स्नानगृहे बंद पडली. पिण्यापुरते पाणी नदीतून आणि विहिरींतून निघाले. म्हणजे सारे शहर पुन्हा त्या ४४१ वर्षांच्या जुन्या काळात जाऊन उभे राहिले. फक्त आता ते शहर त्या जुन्या संसाराची सवय मोडून बसलेले होते. त्रायानच्या स्नानगृहांसाठी नऊ कप्प्यांचे ऐंशी लाख लिटरांचे टाके बांधणाऱ्या रोमला मोठे टाके बांधता येत नव्हते असे नाही. स्नानासाठी बांधले, संकटासाठी बांधले नाही, एवढेच. पुढे काही जलवाहिन्या दुरुस्त झाल्या, परंतु जुना डौल परत आला नाही आणि शहर नदीच्या वळणाशी आक्रसत गेले. याला युद्ध, रोगराई, दारिद्र्य अशी इतरही कारणे होती. तरीपण ज्या घराच्या खाली पाणी आहे ते घर माणूस सहसा सोडीत नाही, हेही तितकेच खरे.

ज्यांना हे मत एकांगी वाटत असेल त्यांनी आता दुसऱ्या रोमकडे पाहावे. कॉन्स्टंटिनोपल म्हणजे नवे रोम. त्यालाही व्हॅलेन्सची मोठी कमानदार जलवाहिनी होती. परंतु ते शहर वेढ्यांच्या भीतीत जगत होते, आणि भीती ही कधी कधी चांगली शिक्षिका असते. त्या शहराने तटाच्या आत शंभराहून अधिक टाकी बांधली. जस्टिनियनचे प्रसिद्ध भूमिगत टाके १३८ मीटर लांब आणि सुमारे ६५ मीटर रुंद आहे. त्याचे छत ३३६ खांबांवर उभे आहे, आणि त्यात सुमारे ८०,००० घनमीटर पाणी मावत असे. दोन खांबांखाली तर मेदूसा राक्षसिणीची दगडी मस्तके सरळ पायाचे दगड म्हणून दडपून दिली आहेत. एक उलटे आणि एक आडवे!

इ. स. ६२६ मध्ये आवार लोकांनी या शहराला वेढा घातला आणि मुख्य जलवाहिनी तोडली. ती पुन्हा सुरू झाली ती इ. स. ७६६-६७ च्या सुमारास. मधली सुमारे एकशे चाळीस वर्षे मोजा. नातू, पणतू, खापरपणतू! लोकवस्ती पहिल्यापेक्षा घटलेली होती हे मान्य. पण एवढा काळ अरबांसारख्या शत्रूंच्या वेढ्यांना तोंड देत ते शहर उभे राहिले, आणि साम्राज्याची राजधानी म्हणून उभे राहिले. रोमची कमान तुटली आणि रोम हतबल झाले. कॉन्स्टंटिनोपलची कमान तुटली आणि कॉन्स्टंटिनोपलने पोहरा खाली सोडला.

पुढची हकीगत आणखी गोड आहे. सोळाव्या शतकात, तुर्कांच्या अमदानीत, पेत्रुस गिलियस नावाचा एक फ्रेंच विद्वान तेथे जुन्या वास्तू शोधीत हिंडत होता. त्याला असे दिसले की, एका वस्तीतले लोक घरातल्या जमिनीच्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात, आणि कोणी तर मासेही पकडतात! खाली नाव घालून तो मशालीच्या उजेडात हिंडला, तेव्हा ते जस्टिनियनचे टाके निघाले. राजवटी बदलल्या, धर्म बदलला, नाव विसरले. टाके आपले काम करीतच होते. कमानीला कीर्ती लागते. टाक्याला नुसता पाऊस किंवा झरा पुरतो.

यावर एक शेवटचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लाखो वस्तीचे शहर केवळ छपरावरच्या पाण्यावर जगते काय? नाही जगत. आणि ७६६ साली पाऊस दडी मारून बसला तेव्हा कॉन्स्टंटिनोपलची टाकी कोरडी पडली, म्हणूनच हजारो कारागीर आणून जलवाहिनी दुरुस्त करावी लागली, हेही खरे. तेव्हा जलवाहिनी नको असे मी म्हणत नाही. जलवाहिनी आली म्हणून टाके बुजवू नका, एवढेच म्हणतो. आणि हे रोमन लोकांनाही कळत होते. नेपल्सच्या उपसागराकाठी मिसेनम येथे त्यांच्या आरमाराचा तळ होता. तेथपर्यंत ऑगस्टसची लांब जलवाहिनी आलेली होती. तरी तिच्या टोकाशी त्यांनी अठ्ठेचाळीस खांबांचे, पंधरा मीटर उंचीचे, सुमारे १२,६०० घनमीटरांचे प्रचंड टाके खडकात खोदून बांधले. ते आजही पाहता येते. आरमाराला पाणी एक दिवस थांबून चालत नाही, हे सेनापतींना माहीत होते. जेथे चैन होती तेथे कारंजे. जेथे काम होते तेथे टाके! मग घागर घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईचे काम आरमारापेक्षा कमी निकडीचे होते, असे का धरले गेले?

कमानींचे हे वेड आपल्याला तरी लागू नये. ज्या शतकांत रोमची गलबते कोकण किनाऱ्याशी व्यापार करीत होती, ज्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात कल्याण आणि सोपारा ही नावे आढळतात, त्याच काळात कान्हेरीच्या डोंगरात भिक्षूंसाठी लेण्यांच्या जोडीने पाण्याची टाकी खोदली जात होती. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी तेथे दाने दिली, आणि शिलालेखांत लेण्याबरोबर टाक्याच्या दानाचीही नोंद झाली. त्या लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पन्हळी कोरून डोंगरावरचे पाणी त्या पोढींत उतरविले आहे. तिला कमान नाही, म्हणून तिच्यापुढे कोणी छायाचित्र काढीत नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात खुद्द रोममध्ये पाऊस हुकला. ज्या ब्राच्चानो सरोवराच्या परिसरातल्या झऱ्यांवरून सम्राट त्रायानने इ. स. १०९ मध्ये जलवाहिनी आणली होती, त्या सरोवराची पातळी एवढी खाली गेली की शहराला रोज काही तास पाणी बंद करण्याची पाळी येऊन ठेपली. ती पाळी कशीबशी टळली. पण रस्त्यांवर रात्रंदिवस वाहणारे काही नळ बंद करावे लागले. प्रवासी त्याही दिवसांत कमानींपुढे उभे राहून छायाचित्रे काढीतच असतील.

तेव्हा पुढच्या वेळी रोमचा प्रवासी तुमच्या घरी फराळाला आला आणि त्याने ती कमान पुढे केली, तर तिला एक नमस्कार जरूर करा. मग त्याला विचारा, “पाँपेईत त्या दगडी कठड्यावरच्या दोराच्या खाचांवरून बोट फिरवलेत का हो?” तो नाही म्हणाला, तर त्याला चहा द्या, आणि सांगा, की तुम्ही रोमचे वैभव पाहून आलात, रोमचे घर पाहावयाचे राहिले आहे.